लोकगायकाच्या गाण्याचा व्हिडिओ करताना : सातारा-सांगलीकडच्या नवख्यांसाठी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गाणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. शाहीर साबळे वाई तालुक्यातल्या पसरणीचे, अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, पठ्ठे बापूराव त्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे आणि काळू-बाळूंचा तमाशा मिरजेजवळच्या कवलापूरचा. आजही गावोगावी शाहीर आहेत, गोंधळी आहेत, वाघ्या-मुरळी आहेत, जात्यावर बसलं की ओवी सुटते अशा आज्या आहेत. पण त्यांच्या गाण्यांचे व्हिडिओ पाहायला घेतले की बहुतेक सारखेच निघतात. उसाच्या कडेला उभा गायक, वरून फिरणारा ड्रोन, आवाजावर चढवलेला घुमारा (रिव्हर्ब) आणि मागे कीबोर्डचा तयार ठेका.

मग कधीतरी एखादा असा व्हिडिओ हाती लागतो की घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवावासा वाटतो. त्याला खर्च फार झालेला नसतो. त्यात बहुधा एकच कल्पना असते आणि ती त्या गाण्याच्या पोटातूनच निघालेली असते. असा व्हिडिओ तुमच्या हातून व्हावा म्हणून हे लिहितोय. मी या भागातल्या कलावंतांबरोबर हे काम करत आलो आहे. कुठे अडतं आणि काय आधी केलं की पुढचं सोपं जातं, ते क्रमाने सांगतो.

१. आधी पाहायला बसा

तुम्हाला मनापासून आवडलेला एक व्हिडिओ घ्या. एकदा आवाज बंद करून पाहा. एकदा फोन पालथा ठेवून फक्त ऐका. मग दोन्ही एकत्र. आवाज बंद असताना तुमचं लक्ष कुठे टिकलं आणि कुठे सुटलं ते कागदावर लिहा. दृश्य कशावर बदलतं तेही पाहा : ठेक्यावर, शब्दावर की गायकाच्या श्वासावर? चांगल्या व्हिडिओत दृश्य फार वेळा बदलत नाही आणि बदलतं तेव्हा गाण्यातही काहीतरी बदललेलं असतं.

मग तोच व्हिडिओ आई, आत्या, शेजारचे काका अशा चार जणांना एकत्र बसवून दाखवा आणि स्वतः पडद्याकडे न पाहता त्यांच्या तोंडाकडे पाहा. बोलणं कुठे थांबलं, हसू कुठे आलं, ‘परत लाव की’ कुठे म्हणाले? हे पाहून जेवढं कळतं तेवढं चित्रीकरणाचे धडे पाहून कळत नाही. ही पायरी गाळू नका.

२. गाणं निवडा आणि ते कोणाचं आहे ते शोधा

‘लोकगीत आहे, कुणाचं नाही’ असं सांगून सगळे मोकळे होतात. गोंधळाची परंपरेने आलेली पदं, जात्यावरच्या ओव्या यांचा एक कर्ता सांगता येत नाही, तिथे अडचण नाही. पण पोवाडे, लावण्या, छक्कडी आणि कलापथकातली गाणी बहुतेक वेळा कुणीतरी लिहिलेली असतात. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं राहतो. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या रचना आता कुणीही गाऊ शकतो. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे आणि तोवर वारसांची परवानगी हवी.

दोन सापळे नीट लक्षात ठेवा. रचना मोकळी असली तरी तिचं जुनं रेकॉर्डिंग मोकळं असतंच असं नाही. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांचा. कॅसेटवरचा आवाज उचलून त्यावर चित्रं लावायची नाहीत. दुसरा सापळा चालीचा. आपल्याकडे कितीतरी भक्तिगीतं सिनेमाच्या चालीवर बांधलेली आहेत. गाणाऱ्याला ती देवाची वाटते, यूट्यूबच्या यंत्रणेला ती संगीत कंपनीची वाटते आणि दुसऱ्या दिवशी हक्काचा दावा येऊन पडतो. म्हणून ‘चाल कुठली?’ हे आधीच विचारा. विचारल्याचा कुणाला राग येत नाही. उलट चालीची सगळी वंशावळ ऐकायला मिळते.

३. कलावंताशी बोलणी

पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊ नका. चहा घ्या, गाणं ऐका, कोणाकडून शिकलात ते विचारा. तारीख ठरवताना त्यांच्या वर्षाचा हिशोब धरा. चैत्र-वैशाखात जत्रा आणि लग्नं, त्यामुळे शाहीर आणि गोंधळी दोघेही हाती लागत नाहीत. नवरात्रात गोंधळ्यांना सवड नसते. पौषात लग्नं नसतात, उजेड स्वच्छ असतो आणि उसाला तुरे आलेले असतात. पण त्याच महिन्यात कराडजवळच्या पालीला खंडोबाची यात्रा आणि वाईजवळ मांढरदेवीला काळूबाईची जत्रा असते. तेव्हा वाघ्या-मुरळींच्या आणि आराध्यांच्या तारखा त्यांनाच विचारून घ्या. मला विचाराल तर दिवाळीनंतर मार्गशीर्षापर्यंतचे दिवस सगळ्यात सोयीचे.

देवाचं गाणं असेल तर काय कॅमेऱ्यासमोर करायचं आणि काय नाही, हे तेच ठरवणार. काही पदं जागरणाच्या चौकाबाहेर गात नाहीत. पेटती दिवटी हातात घेऊन ‘आणखी एकदा’ करायला सांगणं बरं नव्हे. एका म्हाताऱ्या गोंधळ्यांनी मला साधेपणाने सांगितलं होतं, “एवढं सोडून बाकीचं कितीबी येळा म्हणतो, पण हे एवढं न्हाई.” त्यावर दुसरा प्रश्न विचारायचा नसतो.

पैशाचं पहिल्याच बैठकीत बोला. मुख्य गायकाशी एकट्याशी बोलून भागत नाही. मागे झील धरणारे, हलगीवाला, तुणतुणेवाला, संबळवाला या सगळ्यांचं मानधन वेगवेगळं ठरवा आणि चित्रीकरण संपल्यावर त्याच दिवशी, प्रत्येकाच्या हातात द्या. तुमच्याकडे पैसे कमी असतील तर भाड्याचा कॅमेरा रद्द करा, मानधन कमी करू नका.

आता कागद. यासाठी वकील लागतोच असं नाही, पण सही हवीच. कागदपत्रांची फाइल अशी करा :

- सगळ्या कलावंतांचं संमतीपत्र : गाणं कोणतं, कुठे दाखवणार, मानधन किती मिळालं
- रचनाकाराची किंवा वारसांची लेखी परवानगी, लागत असेल तर
- उत्पन्न झालं तर वाटणी कशी, याचा कागद
- चित्रात कुणाचं लहान मूल असेल तर आई-वडिलांची सही
- जागेचा ना-हरकत दाखला (त्याबद्दल पुढे)
- गाण्याचे पूर्ण शब्द, गायकाने तपासून सही केलेले

संमतीपत्रात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. हक्क देण्याच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतो. इंटरनेटवर टाकायचं म्हणजे ‘जगभर’ असं स्पष्ट हवं. उलट बाजूने कलावंताचंही नुकसान होऊ देऊ नका. ‘सर्व हक्क कायमचे’ अशा छापील मजकुरावर सही घेऊ नका. या एका व्हिडिओपुरता हक्क घ्या, गाणं त्यांचं त्यांच्याकडेच राहू द्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलावंताला स्वतःचं नाव लागण्याचा आणि आपलं सादरीकरण विद्रूप होऊ न देण्याचा हक्क कायद्यानेच आहे. सही करणाऱ्याला वाचता येत नसेल तर कागद त्यांच्या घरातल्या माणसासमोर मोठ्याने वाचून दाखवा.

४. एकच कल्पना, आणि ती गाण्यातली

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कल्पना सुचली की तिला एक प्रश्न विचारायचा : हीच कल्पना दुसऱ्या गाण्याला चालेल का? चालत असेल तर ती या गाण्याची नाही, सोडून द्या. ड्रोन त्यामुळेच बाद होतो, तो कुठल्याही गाण्याला चालतो.

सुरुवात शब्दांपासून नको, गाणाऱ्याच्या हातांपासून करा. गाताना हात काय करतात? डफावर थाप, दिमडीवर बोटं, जात्याचा खुंटा, चिपळ्या. गाणं त्या हालचालीला बांधलेलं असतं, म्हणून चित्रही तिथूनच निघतं.

आम्ही खटावकडच्या एका आजींच्या ओव्या चित्रित केल्या तेव्हा फोन थेट जात्यावर बांधला. वरच्या तळीच्या एका कडेला खुंटा, त्याच्या बरोबर समोरच्या कडेला फोन, तोंड खुंट्याकडे. दळायला सुरुवात झाली की फोन तळीबरोबर फिरतो. चौकटीत खुंटा आणि मूठ जागच्या जागी राहतात आणि भिंत, दार, उंबरा, चूल असं सगळं घर मागे गरगर फिरतं. मुठीची बोटं खुंट्याभोवती हळूहळू वळताना दिसतात. दर फेऱ्याला आजींचा दंड भिंगावरून जातो आणि निमिषभर अंधार होतो. त्या अंधारात दोन तुकडे जोडले की सांधा कळत नाही. गव्हाचं दळण पहिल्या फेऱ्यात आणि नातीच्या लग्नाची हळद शेवटच्या फेऱ्यात, असं सगळं वर्ष एकाच दळणात बसवता आलं.

हे करायचं असेल तर काही गोष्टी सांभाळा. फोन आडवा आणि बुटका बांधा, नाहीतर कोपर आपटतं. सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळला की घसरत नाही. एका बाजूला फोन आल्याने तळी लडबडते, तोल साधायला समोरच्या बाजूला तेवढंच वजन बांधा. पिठाची धूळ बारीक असते, फोनची सगळी भोकं चिकटपट्टीने बंद करा. आणि हे फिरतं दृश्य सलग दाखवलं तर पाहणाऱ्याला घेरी येते, म्हणून ते पालुपदापुरतं ठेवा आणि मध्ये आजींचा स्थिर चेहरा येऊ द्या. तो चेहरा इतका बोलका होता की त्यापुढे आमची युक्तीही मागे पडली आणि ते योग्यच झालं.

दुसरी युक्ती शाहिरांसाठी. गाणं दुप्पट वेगाने वाजवा, शाहिरांना त्या वेगाने ओठ हलवायला सांगा आणि सेकंदाला ५० चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित करा. नंतर ते २५ वर आणलं की ओठ मूळ गाण्याला बरोबर जुळतात, पण फेट्याचा शेमला, उडणारी धूळ, हलगीची थरथर हे सगळं पाण्याखाली चालल्यासारखं संथ होतं. पोवाड्यात लढाईचा प्रसंग येतो तिथे हे फार शोभतं. दुप्पट वेगाचं पाठ करायला मात्र एक पूर्ण संध्याकाळ द्या.

तिसरी युक्ती स्थिरचित्रांची, म्हणजे एकेक वस्तू जराशी हलवत फोटो काढायचे आणि ते ओळीने चालवायचे. सेकंदाला १२ फोटो पुरतात, म्हणजे १५ सेकंदांच्या पालुपदाला १८० फोटो. सांगलीकडे यासाठी सामान घरातच आहे. हळदीची रांगोळी, तासगावच्या बेदाण्यांची माणसं, उसाच्या कांड्यांची बैलगाडी. फोनचा फोकस, उजेड आणि रंग हे तिन्ही हाताने पक्के करून ठेवा, ते आपोआपवर असले तर चित्र लुकलुकतं. खिडकीचा उजेड ढगांनी बदलतो म्हणून खिडकी झाकून एक दिवा लावा. पंखा बंद. हळद उडते आणि मग सगळी मेहनत पुन्हा. मुलांना या कामात घ्या, त्यांचा धीर मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

या तीनही युक्त्या एकाच व्हिडिओत कोंबू नका. एक निवडा आणि ती शेवटपर्यंत पाळा.

५. आवाज आधी, चित्र नंतर

पाहणारा अंधुक चित्र चालवून घेतो, फुटका आवाज चालवून घेत नाही. म्हणून गाणं आधी स्वतंत्र रेकॉर्ड करा आणि चित्रीकरणाच्या दिवशी ते वाजवून त्यावर ओठ हलवू द्या. एक अपवाद आहे : जात्यावरची ओवी. ती दळता दळताच घ्यायला हवी. लोटण्याच्या जोरावर श्वास चालतो आणि श्वासावर चाल. जातं काढून घेतलं की आजींना मधलीच ओळ आठवेनाशी होते. तिथे जात्याची घरघर गाण्यात राहू द्या, ती त्या गाण्याची साथच आहे.

स्टुडिओ परवडत नसेल तर घरातली आतली खोली निवडा, भिंतींना वाकळा आणि गाद्या लावा. पत्र्याचं छत असलेली जागा टाळा. फ्रीज, पंखा, इन्व्हर्टर बंद. फोन विमान मोडवर, सगळ्यांचे. रात्री उशिरा किंवा पहाटे बसा. गळीत हंगामात रस्त्यालगतच्या घरात रेकॉर्डिंग ठेवूच नका. उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावलेली असतात, ती तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरतात, आणि मग आवाजही खराब होतो आणि त्या गाण्यांच्या मालकाचा दावाही येतो.

माइक गायकाच्या तोंडापासून साधारण वीतभर, थोडा बाजूला. हलगी सहा ते आठ फुटांवर आणि तिच्यासाठी आवाजाची पातळी बरीच खाली : काटा लालला भिडता कामा नये, उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. हलगी तापवल्याशिवाय बोलत नाही हे वाजवणारे जाणतातच, पण ती गार होत जाते तसा तिचा आवाजही उतरतो हे रेकॉर्ड करणाऱ्याने जाणावं. बाहेर पाचट पेटवून ठेवा, चामडं तापलं की लगेच घ्या आणि सलग लांब न घेता तुकड्यांत घ्या. पावसाळी हवेत तर हे फारच जाणवतं. तुणतुणं मात्र जवळून घ्यावं लागतं, नाहीतर हलगीखाली ते ऐकूच येत नाही. आणि तुणतुण्याशिवाय शाहिरी उघडी पडते, हे माझं ठाम मत आहे.

झीलकऱ्यांना वेगळं करून नंतर रेकॉर्ड करायचा मोह होतो. करू नका. शाहिरांनी ओळ सोडली की ती उचलायला मागचे झेप घेतात, ती झेप एकत्र उभे असल्याशिवाय येत नाही.

वाजवून दाखवायच्या फाइलच्या सुरुवातीला चार ठेके मोकळे ठेवा, म्हणजे गायकाला पहिला शब्द नेमका पकडता येतो.

६. जागा आणि परवानग्या

आधी कलावंताचं घर, अंगण, शेत, गावचं देऊळ पाहा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. गावात चित्रीकरण असेल तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि पोलीस ठाण्यात एक माहितीचं पत्र द्या, पोच घ्या. देवळासाठी देवस्थानच्या विश्वस्तांचं पत्र. कुणाच्या रानात असेल तर मालकाला आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा, कारण त्याच दिवशी पाण्याची पाळी आली तर रानात चिखल होतो.

नावाजलेल्या जागांचं वेगळं. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसास्थळांत आहे. तिथे वनखात्याची परवानगी लागते आणि फुलांत पाय ठेवायचा नाही, गाणं कितीही चांगलं असलं तरी. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत त्या खात्याची लेखी परवानगी हवी. लिंब गावची बारा मोटेची विहीर साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली, चित्रात फार देखणी दिसते. पण कडेला उभं राहून नाच-उड्या नकोत आणि वयस्कर कलावंतांना त्या पायऱ्या झेपतात का, ते आधी जाऊन पाहा. सरकारी जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, अर्ज तिथून करता येतो. रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत लाउडस्पीकर लावता येत नाही, हे रात्रीच्या दृश्यांचा बेत करताना विसरू नका.

७. चित्रीकरणाचा दिवस

सामान फार लागत नाही :

- फोन किंवा कॅमेरा, मेमरी आणि चार्जिंग पूर्ण, वर एक पॉवर बँक
- तिपाई, आणि बांधाबांधीला दोरी, ट्यूब, चिकटपट्टी
- गाणं वाजवायला स्पीकर, तारेने जोडता येणारा
- माइकवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी
- पांढरी चादर किंवा थर्माकोल, उजेड परतवायला
- पाणी, चहा, नाश्ता, सावलीत बसायला सतरंजी आणि खुर्च्या

शेवटची ओळ पहिली समजा. फेटा बांधून, अंगरखा घालून माणूस उन्हात ताटकळत बसला की दुपारी त्याच्या चेहऱ्यावर गाणं उरत नाही. सकाळी सात ते दहा आणि दुपारी चारनंतर काम करा. मधल्या वेळात जेवण आणि विश्रांती.

फोनमध्ये सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने या आकड्यांना ट्यूबलाइट आणि एलईडी दिवे चित्रात सहसा फडफडत नाहीत. दुप्पट वेगाच्या युक्तीत ५० चौकटी आणि १/१००.

स्पीकर कॅमेऱ्याजवळ ठेवू नका, गायकाजवळ लपवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गायक कृष्णेच्या पलीकडच्या काठावर ७० मीटरवर असेल आणि स्पीकर तुमच्याजवळ असेल, तर गाणं त्याच्यापर्यंत पोचायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो आणि ओठ मागे पडतात. मग जोडणी करताना कारण सापडत नाही.

गायकाने ओठ नुसते हलवले तर गळ्याची शीर दिसत नाही आणि पाहणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून मोठ्याने गायला सांगा. पहिल्या एक-दोन वेळा सगळेच आखडलेले असतात, त्या वेळी कॅमेरा चालू ठेवा पण सूचना देऊ नका. आमच्या एका चित्रीकरणात हलगीवाले मामा दोन गाण्यांच्या मध्ये विडी बाजूला ठेवून सहज जो ठेका वाजवत बसले, तोच अखेर व्हिडिओची सुरुवात झाला. मधल्या वेळात कॅमेरा झाकून ठेवायचा नाही तो यासाठी. पण असं काही वापरण्याआधी ते दाखवून विचारा.

प्रत्येक वेळी सुरुवातीला एक टाळी वाजवा, जोडणीत आवाज आणि चित्र जुळवायला तीच खूण होते. संपलं की त्याच जागेचा एक मिनिट नुसता आवाज घ्या, पक्षी, वारा, मोटार, जे असेल ते.

८. जोडणी

संगणक असेल तर चित्र जोडायला डाव्हिन्ची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आणि आवाजासाठी ऑडॅसिटी पुरेशी आहे. आधी सगळ्या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी करा.

घुमारा कमी ठेवा. गायकाचा आवाज खरखरीत असेल तर तो तसाच राहू द्या. मशीनने सूर सरळ करू नका, आपल्या लोकचालींतले सूर पेटीच्या पट्ट्यांवर बसतीलच असं नाही आणि सरळ केले की चालीतला गोडवाच जातो. रंगांचे तयार मुलामे नकोत. हळद पिवळीच दिसू दे, माती तांबडी असेल तर तांबडी.

खाली शब्द द्या आणि गायक जसे म्हणतात तसेच द्या. पुस्तकी करू नका. पक्का झालेला व्हिडिओ चढवण्याआधी कलावंतांना दाखवा. तेव्हा ‘आवं, हितं तुणतुणं दिसतंय पर ऐकू येईना’ असं कुणीतरी म्हणतं, आणि ते बरोबर असतं.

९. यूट्यूबवर चढवताना

नावात गाण्याचा पहिला शब्द, कलावंताचं नाव, गाव. वर्णनात सगळ्यांची नावं : झीलकरी, वादक, फेटा बांधणारा, जागा देणारा. परंपरागत रचना असेल तर तसं लिहा, कुणाकडून आली तेही लिहा. आवरणचित्र (थंबनेल) १२८० बाय ७२० चं करा आणि त्यावर अक्षरांची गर्दी नको, चेहरा दिसू दे.

कुणाचा हक्काचा दावा आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका. दावा कशावर आहे, कितव्या सेकंदाला आहे हे तिथे लिहिलेलं असतं. तुमचं रेकॉर्डिंग तुमचं असेल तर कागद हाताशी ठेवून हरकत नोंदवा.

पैशाची आशा कलावंतांना दाखवू नका. जाहिरातीच्या उत्पन्नासाठी चॅनेलला किमान १,००० सदस्य (सबस्क्रायबर) आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं लागतं, आणि तिथून पुढेही रक्कम छोटीच असते. म्हणून मानधन आधी.

१०. गावात दाखवा

व्हिडिओ चढवायच्या आदल्या संध्याकाळी तो गावात पडद्यावर दाखवा. देवळासमोर पांढरी चादर, शाळेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून मागून घेतलेला प्रोजेक्टर, भजनी मंडळाचा स्पीकर, एवढ्यात होतं. अंधार पडल्यावर आणि दहाच्या आत. पहिल्यांदा कुणीच नीट पाहत नाही, ‘तो बघ आपला बैल’ यातच वेळ जातो. दुसऱ्यांदा गाणं ऐकतात. तिसऱ्यांदा बरोबर गातात. म्हणून तीनदा लावायच्या बेतानेच बसा आणि त्यानंतर कलावंतांना तिथेच गायला वेळ ठेवा.

निघताना कलावंताला पेन ड्राइव्हवर पूर्ण दर्जाची फाइल, गाण्याचं वेगळं रेकॉर्डिंग, चार चांगले फोटो आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स द्या. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे, तिच्या अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात. घरात एक सुद्धा फोटो नाही म्हणून अर्ज रखडलेले असतात. अर्ज सध्या कुठे आणि कसा द्यायचा, ते आधी विचारून घ्या. तुमची स्वतःची प्रत दोन डिस्कवर ठेवा आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहा.